आई तीस टक्के

...आणि तुम्हाला सांगतो, चूक माझीच! कबूल! मीच तोंड उघडलं, मीच म्हणालो, "थोडं हिचं, थोडं आईचं, त्यात काय एवढं?" अहो, जीभ झडली कशी नाही माझी! चोवीस वर्षं बँकेत काढली, चिडलेली गिऱ्हाईकं रोज शांत करतो मी, आणि स्वतःच्या घरात दोन बायकांच्या मधोमध उभं राहून हे असलं वाक्य बोलतो? कोणी सांगितलं होतं?

झालं काय, की आईचं जॉर्जटाउनमधलं भाड्याचं घर, त्या मालकाला तिथे हॉटेल काढायचं सुचलं. महिनाअखेर खाली करा म्हणाला. आई शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले, बाबा जाऊन चार वर्षं झालेली, आणि मी एकुलता एक. आई माझ्याकडे येणार यात काही प्रश्न होता का? नव्हता! प्रश्न आईचा नव्हताच, प्रश्न आईच्या सामानाचा होता.

आई म्हणजे अस्सल न्योन्या, इथे मलेशियात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या चिनी घराण्यातली बाई. काळ्या लाकडाच्या खुर्च्या, पाठीला संगमरवर, हातांवर शिंपले जडवलेले... बसलं की पाठ गारठते आणि उठलं की कोपरावर फूल उमटलेलं असतं. लाल-सोनेरी कपाट. गुलाबी-हिरवी भांडी, एकेका ताटलीवर इतकी फुलं की भात शोधावा लागतो. आणि माझी बायको, हुई शान? तिला सगळं पांढरं! पांढरी भिंत, पांढरा पडदा, पांढरा सोफा, आणि मध्ये... काही नाही. "बून, जागेला श्वास घेऊ दे." आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मला कधी कोणी म्हणालं नाही की तू जरा श्वास घे!

तर म्हटलं, थोडं हिचं, थोडं आईचं. हुई शानने एक सजावटकार आणला. युजीन नाव. घोट्याच्या वर चढलेली पँट, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकटी करायची सवय. आईने त्याच्यासमोर कुई, म्हणजे आमच्या तांदळाच्या गोड वड्या, ठेवल्या, चहा ठेवला, आणि हा सुरू, "आंटी, दोन शैली एकत्र आणायच्या ना, तर एक नियम असतो. सत्तर-तीस! एक शैली सत्तर टक्के, दुसरी तीस. पन्नास-पन्नास केलं की घराचं दुकान होतं."

आईचा कुईकडे गेलेला हात थांबला.

"तीस कोण?"

अहो, युजीन माझ्याकडे बघतोय, मी हुई शानकडे, हुई शान पडद्याच्या नमुन्यांकडे. शेवटी तो बापडा म्हणाला, "म्हणजे... तुमचा भाग, आंटी, ठळक आहे ना, म्हणून तीस सुद्धा खूप दिसेल..."

"मी तीस?" आई म्हणाली. "याला नऊ महिने पोटात वाढवला, तेव्हा सत्तर-तीस केलं होतं का मी? राहू दे. मी आपली इपोहला जाते, त्या भिक्खुणींच्या आश्रमात. तिथे सगळ्या म्हाताऱ्या शंभर टक्के असतात."

तुम्ही हसताय! पण आई बोलते ते करते. चौदा वर्षं ती शेजारणीशी बोलली नव्हती, का, तर तिने हिच्या लोणच्याला आंबट म्हटलं! मला माझी आई घरात हवी होती. इपोहला रविवारी भेटायला जाऊन हातात संत्री ठेवून यायची नव्हती मला.

मग तीन आठवडे तह! खुर्च्या दोन दिवाणखान्यात, बाकीच्या आईच्या खोलीत. भांडी स्वयंपाकघरात, पण काचेमागे. कपाट आईकडे. थोडं हिचं, थोडं आईचं, जमलं की! मी मनातल्या मनात नाचत होतो, आणि आई म्हणाली, "आणि देव्हारा दारासमोर."

झालं! दारासमोर हुई शानची ती भिंत. रिकामी भिंत! सहा महिने ती त्या भिंतीसाठी पांढरा रंग निवडत होती, चार प्रकारचे पांढरे, मला चारही सारखेच दिसले आणि त्यावरून वेगळं भांडण झालं. तिथे आमचा लाल देव्हारा, सोनेरी ड्रॅगन, उदबत्तीचा धूर आणि बाबांचा फोटो!

युजीन लगेच हवेत चौकट करून तयार. "भिंतीतच पांढरं कपाट करू, आंटी! दार उघडलं की देव्हारा, लावलं की भिंत!"

"म्हणजे नवऱ्याला कपाटात कोंडू?" आई म्हणाली. "उंबऱ्यावर उभं राहून येईल त्याला 'जेवलात का' विचारणारा माणूस तो! थांबा, त्यांनाच विचारते. ते नको म्हणाले, तर मीही येत नाही."

रविवारी सकाळी आम्ही तिघं जुन्या घरी, बाबांच्या फोटोसमोर. उदबत्ती लावली, संत्री ठेवली, आणि आईने कौल लावायचे ते दोन लाकडी तुकडे हातात घेतले, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर हो, दोन्ही फुगीर तर नाही, आणि दोन्ही सपाट पडले तर विचारलेला माणूस हसतोय!

"अहो, सुनेचं पांढरं कपाट चालेल तुम्हाला?" टाकले. दोन्ही सपाट. हसले! पुन्हा टाकले. हसले! "बरं, मग आपलं जसं आहे तसं, सगळं सामान जसंच्या तसं?" हसले! अहो, बाबा जिवंतपणी असेच! सासू-सुनेचं वाजलं की पेपर तोंडासमोर धरायचे आणि मागे खांदे हलायचे. मी म्हटलं, "बाबा, महिनाअखेर आलीय हो! थोडं हिचं, थोडं आईचं, तुम्ही तरी समजून घ्या!" दोघी एकदम म्हणाल्या, "तू गप्प बस."

आणि मग हुई शान खाली बसली. आईच्या हातातून तिने तुकडे घेतले, दोन्ही हातांनी, नीट. "बाबा, देव्हाऱ्याचं नंतर. आधी एवढं सांगा, आई इपोहला गेलेल्या तुम्हाला चालतील?"

दोन्ही फुगीर. नाही.

आई चष्मा काढून रुमालाने पुसायला लागली, काच नव्हे, डोळे.

"मग लाल देव्हारा, माझ्या भिंतीवर, उघडा. बाकी खोली पांढरी. याल?" हो! पक्कं व्हायला लागोपाठ तीनदा हो पडावं लागतं, तीनदा हो! आई म्हणाली, "मेल्यावरही सुनेचंच ऐकायचं ह्यांना," आणि उठून भांडी पेपरात गुंडाळायला लागली.

आली! आई आली घरी! आणि काय सांगू, पांढऱ्या भिंतीवर तो लाल देव्हारा असा काही उठून दिसतो, की युजीनने येऊन फोटो काढले आणि म्हणाला, "अंकल, हेच तर मी सांगत होतो!"

दोघी दारात उभ्या. दोघींनी हाताची घडी घातलेली, दोघींची मान एकाच बाजूला. बराच वेळ बघत होत्या. मग आई म्हणाली, "सूनबाई, काहीतरी खटकतंय गं."

"मलाही, आई."

दोघींची नजर माझ्या खुर्चीवर. तपकिरी, दांडी ओढली की पाय वर येतात ती, संध्याकाळी बँकेतून आलो की मी तिच्यात पडतो ती! "ही कुठल्या शैलीत बसते गं?" "कुठल्याच नाही, आई." अकरा वर्षांत या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, तुम्हाला सांगतो, आणि ते यावर! मी म्हटलं, थांबा, बाबांना विचारा! बाबा पुरुष माणूस, ते माझ्या बाजूने उभे राहतील! आईने लगेच उदबत्ती लावली. "ही खुर्ची काढू?"

हो. हो. हो. लागोपाठ तीनदा, आणि मध्ये एकदासुद्धा हसले नाहीत.

हल्ली मी जमिनीवर बसतो. दोघी म्हणतात, आता कसा खोलीला शोभतोस.