ढगातली माशांची पाटी

कणकवली स्टँडवर मी पुस्तकाआड तोंड लपवून बसलो होतो. शेजारी एक मासेवाली आणि तिची नववीतली लेक. लेकीने स्वतःचीच गोष्ट चित्रांतून काढली होती.

“जानू, रस्त्याचो समुद्र केलंस?”

“पाय जड झालेले, आये. पाण्यात चालल्यासारखे.”

“आणि ही माशांची पाटी ढगात एकटीच?”

“ती शाळेकडे येता.”

“डोक्यार घेणारा माणूस खंय गेला?”

“ता तू होतंस.”

“मगे माका काढूक नाय?”

“मैत्रिणी होत्ये. तू हाक मारलंस, नि मी बघूक नाय. म्हणान तुका काढूचो धीर झालो नाय.”

आईने ते पान स्वतःकडे ओढलं.

“आये, पान फाडू?”

“फाडू नको. पण पाटीत बांगडे काढलंस. त्या दिसा तुझ्यासाठी सुरमय राखलेली. तीच दाखवूक हाक मारलंय.”