नानांनी कानाची पाळी धरली

माझा जन्म स्नेहलतागंजचा, हे आधी लिहून घ्या, नाहीतर नंतर तुम्ही भलतंच काही घालाल. आमचे पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि तेव्हापासून आम्ही इंदूरचे, इतके इंदूरचे की पुण्याची माणसं माझं मराठी ऐकून विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या हो, तर मी म्हणते मूळची इथलीच, आणि हे मराठीच आहे, जरा धीर धरा म्हणजे समजेल. माझे बाबा शाळेत मास्तर. गाण्यावर जीव, लेकिन तरुणपणी आजारात आवाज बसला तो बसलाच, म्हणून त्यांनी स्वतःचं सगळं गाणं माझ्यात ओतलं. संध्याकाळी शिकवण्या आटोपल्या की पेटी काढायची, मी समोर बसायचं, आणि सूर जरा हलला की ते बोलायचे नाहीत, नुसता भाता थांबवायचे. मतलब रागावणं नाही, ओरडणं नाही, फक्त ती पेटी गप्प व्हायची. मला अजून त्या गप्प होण्याची भीती वाटते बघा.

मग लग्न झालं. नवरा चांगला, गरीब गाय, त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते माझ्या मोठ्या दिरांबद्दल. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आणि कानसेन. कानसेन म्हणजे स्वतः गात नाही, पण कोण कसं गातं ते ठरवणारा माणूस. त्यांच्याकडे खासगी मैफलींची रेकॉर्डिंगं आहेत, जी बाजारात मिळत नाहीत, जी हाताहातातून येतात, आणि त्यात खरखर जितकी जास्त तितकी त्यांची किंमत जास्त. कुणा मोठ्या गवयाचं नाव निघालं की नाना डोळे मिटतात आणि दोन बोटांनी कानाची पाळी धरतात. ही रीत आहेच आपल्याकडे, गुरूचं, बुजुर्गांचं नाव घेताना कानाला हात लावायचा. पण नाना असे लावतात की बघणाऱ्याला वाटावं ते बुजुर्ग ह्यांच्याच घरी जेवून गेले.

लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मंडळात घरच्या कलाकारांचा कार्यक्रम होता. मी बागेश्री गायले. बरी गायले, उगाच लाजत नाही, चांगली गायले. बाबा समोर बसलेले. आणि आभार मानायला नाना उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, आमच्या धाकट्या सूनबाईंचा आवाज गोड आहे, पण स्वयंपाकघराच्या मापाचा आहे, फोडणीला शोभून दिसतो. सगळा हॉल हसला. काय सांगू तुम्हाला, हॉल हसला त्याचं मला काही नाही, हॉल कशालाही हसतो. पण माझे बाबा हसले. मुलीचा बाप ना, मुलीच्या सासरच्या माणसाने विनोद केला तर हसावं लागतं. हात जोडून हसले. त्यानंतर मी माहेरी गेले की पेटी निघायची नाही. मीही काढा म्हटलं नाही. बाबा गेले तेही त्यावर एक शब्द न बोलता.

तेव्हापासून मंडळात माझ्याकडे प्रसाद. दरवर्षी प्रसाद. मी शिरा ढवळायची आणि मनात म्हणायची, नाना, तुम्हाला मी सोडणार नाही. लोक म्हणतात मनात असं ठेवू नये, तब्येत बिघडते. माझी तर सुधारली. सकाळी उठायला काही कारण पाहिजे माणसाला.

आता गाडीकडे येते. मी विजय नगरला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. मुलं बाहेरगावी गेली, तेव्हा मी स्वतःच्या नावावर गाडी घेतली, शोरूममधली सगळ्यात स्वस्त. पूजेला नाना आले. नारळ फुटायच्या आधी त्यांनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं आणि म्हणाले, पत्र्याचा डबा आहे, मोड आलेली मटकी ठेवायला बरा. मग आत बसून गाणं लावलं, आणि लगेच बंद केलं, दोन्ही हात कानांवर. बरोबरच होतं म्हणा. पुढच्या दारांत कागदासारखे दोन स्पीकर, तानपुरा लावला तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटायचं. पण हे बोलायचा हक्क माझा, गाडी माझी.

मी गेले अस्लम भियांकडे, आमच्या इंदूरला भैयाचं भिया होतं. सियागंजच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान, गाड्यांमध्ये साऊंड बसवायचं. मोठा प्रेमळ माणूस, पण बेसच्या बाहेर जग आहे हे त्यांना मान्य नाही. म्हणाले, मॅडमजी, टेन्शन मत लो, डिकीत असा डब्बा बसवून देतो की चौकापलीकडे कळेल तुम्ही आलात. बसवला. आणि खरंच कळायला लागलं, कारण मागची नंबर प्लेट टाळ वाजवायची, आरसा थरथरायचा, आणि गाणारी बाई कुठेतरी गोणीत भरून ठेवल्यासारखी. मी परत गेले. म्हटलं काढा हे. ते म्हणाले, इंदौर में बिना बेस की गाडी? लोक क्या कहेंगे? मी म्हटलं भिया, लोकांना काय म्हणायचं ते त्यांनी म्हणून झालं आहे, आता मला एक बाई गाताना ऐकू आली पाहिजे, जशी समोर बसली आहे तशी.

मग आमची जुंपली, आणि काम सुरू झालं. दारांची आतली प्लास्टिकं काढली. आत नुसता पत्रा, कापडासारखा पातळ. त्यावर डांबरासारख्या चिकट काळ्या शीट रोलरने दाबून बसवल्या, भोकं बुजवली, प्लास्टिकच्या प्रत्येक खटक्याखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीची, चकती ठेवली. नवे स्पीकर समोर, बारीक आवाजाचे दोन छोटे काचेजवळच्या खांबांवर, सीटखाली लहानसा अॅम्प्लिफायर. अस्लम भिया तपासायला लग्नाच्या वरातीतलं गाणं लावायचे. त्यात काय कळणार, त्यात सगळंच हलतं. मी मोबाईलवर तानपुरा लावला आणि म्हटलं, आता गप्प बसा. तानपुरा एकसारखा वाजतो ना, त्यामुळे जे जे खोटं वाजतं ते लगेच उघडं पडतं. मी डोळे मिटून एकेका जागी हात ठेवत गेले, हे डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण, ही डाव्या दाराची जाळी, ही डोक्यावरच्या दिव्याची काच. जिथे हात ठेवला की खरखर थांबते तिथे अस्लम भिया नमदा लावायचे. शेवटी सगळं शांत झालं, फक्त तानपुरा उरला, आणि अस्लम भिया म्हणाले, मॅडमजी, ये तो मंदिर हो गया, इसमें हॉर्न कैसे बजाओगी.

आणि बघा, दारं जाड झाल्यावर एक नवीनच गोष्ट लक्षात आली. काचा वर केल्या की बाहेरचं आत येईना आणि आतलं बाहेर जाईना. आमच्या बिल्डिंगमध्ये भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी कळतं, तिथे रियाज कुठला. मी ऑफिसातून आले की पार्किंगमध्येच गाडीत बसून गायला लागले. बसून राहिलेला आवाज हळूहळू उठला. हे मागच्या सीटवर बसायचे, सोबत म्हणून. एक दिवस मी बागेश्री मोबाईलवर रेकॉर्ड केला, नुसतं ऐकून बघायला. मोबाईलचं रेकॉर्डिंग, जरा खरखर, मध्येच ह्यांचा खोकला. पण त्या स्पीकरवर लावला आणि मी स्वतःच हादरले. बाबांनी भाता थांबवला नसता.

आता खरी मजा. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाडी चालवायची नाही, आणि उज्जैनला नात्यातला साखरपुडा. ह्यांना सुट्टी नव्हती. माझ्या मोठ्या जाऊबाई, कुंदावहिनी, फोनवर म्हणाल्या, शैला, तुझ्या गाडीतून येऊ का गं? मी म्हटलं या की, पत्र्याच्या डब्यात जागाच जागा आहे.

नाना पुढे, काळा चष्मा लावून. वहिनी मागे. गाव सुटेपर्यंत मी काही लावलं नाही. मग बागेश्री लावला, काहीच न बोलता. नाना आधी हुं म्हणाले. मग मान हलायला लागली. मग म्हणाले, हे तुझ्याकडे कुठून आलं? मी म्हटलं, असंच, एकीकडून मिळालं. खासगी मैफल दिसते, ते म्हणाले. मी म्हटलं, खासगीच. आरशात बघितलं तर वहिनी माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं आम्ही दोघींनी शेजारी शेजारी पोळ्या लाटल्या आहेत, त्यांनी माझं गुणगुणणं जितकं ऐकलं तितकं कुणी ऐकलं नसेल. त्यांनी पहिल्या सुरालाच ओळखलं होतं. पण काय बाई आहे, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, अहो, कोण आहे हो ही?

झालं, नाना सुटले. म्हणाले, तुम्हाला कसं कळणार, हा सुराचा लगाव बघा, हा निषाद बघा, हा आता मिळत नाही. आणि त्यांनी एका फार मोठ्या बाईंचं नाव घेतलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, उगाच त्या माऊलीला ह्या भानगडीत कशाला ओढा. नाव घेतलं, डोळे मिटले, आणि दोन बोटांनी कानाची पाळी धरली. माझे हात स्टिअरिंगवर होते म्हणून, नाहीतर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये खोकला आला. नाना म्हणाले, ऐकलात? पुढच्या रांगेतला खोकला. ह्या मैफलीला मी होतो, त्या थंडीत मला जबर खोकला झाला होता. वहिनी मागे एकदम वाकल्या, मला वाटलं उलटी होते की काय, पण त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

मी फार शांतपणे विचारलं, नाना, ह्या बाई आपल्या मंडळात आल्या तर? ते पुन्हा कानाची पाळी धरून म्हणाले, आपल्या मंडळात? अगं त्या आल्या तर त्यांचा तानपुरा मी स्वतः उचलून स्टेजवर नेईन.

सांवेरच्या अलीकडे झाडाखाली मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. गाणं चालू होतं, तान वर चालली होती, आणि ती अर्ध्यावर असताना मी आवाजाचं बटण फिरवून शून्यावर आणलं. आणि जिथे ती थांबली तिथून मी घेतली. माझ्या तोंडाने, नानांच्या शेजारी बसून. वर नेली, फिरवली, समेवर आणून सोडली.

नानांचा हात कानावरच राहिला. काढावा की ठेवावा ते त्यांना कळेना. मी म्हटलं, फोडणी कशी जमली, नाना?

उज्जैन आलं. कार्यालयात गाडी लागते न लागते तोच कुंदावहिनी उतरल्या, आणि त्या वयात ज्या वेगाने बायकांच्या खोलीत गेल्या, काय सांगू. जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, खोकल्यासकट. नाना म्हणाले, ती मशीनची करामत आहे, तसल्या मशीनवर कुणीही गोड लागतं. मला हे अपेक्षितच होतं. मी म्हटलं बरोबर आहे, मग गणपतीत मी माईकशिवाय गाते, मशीन नको.

आणि गायले. मंडळाचा तोच हॉल. तानपुरा आणला नानांनी, कारण वहिनींनी त्यांना घरून निघतानाच सांगितलं होतं की उचलला नाहीत तर रात्रीची पोळी स्वतः लाटा. आणताना तोंड असं, जणू गॅसचं सिलिंडर आणताहेत. गाणं झाल्यावर आभार मानायला उठले. हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ते म्हणाले, आमच्या सूनबाई, आणि पुढे काही सुचेना, मग खाली बसले. मी जागेवरून म्हटलं, बोला ना नाना, घाई नाही. हॉल हसला. ह्या वेळी चांगला हसला. समोरच्या रांगेत बाबा असते तर, असं मी म्हणणार नाही. नव्हते. म्हणून तर माफी नाही.

लोक आता सांगतात, शैलाताई, झालं ना मनासारखं, सोडा आता. का सोडू? वहिनींना गुरुवारी माझ्याच गाडीतून मंदिरात जायचं असतं, आणि नानांना एकटं घरी बसवत नाही, म्हणून ते येतात. मागे बसतात, खिडकीकडे तोंड करून. मी सिग्नलला थांबले की गाते. मध्येच आरशात बघते, तर त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरत असतं, आणि मी बघितलं की थांबतं. मी देवाला रोज हात जोडते, नानांना शंभर वर्षं आयुष्य दे. दात गेले तर जाऊ देत, केस तर गेलेच आहेत. कान तेवढे ठणठणीत ठेव रे बाबा, शेवटपर्यंत. माझं गाणं अजून खूप शिल्लक आहे.