सुधीरच्या गिटारचा आवाज

नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं एवढं कौतुक करताय, म्हणून आमच्या सुधीरचं सांगतो. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. मी ड्रम वाजवायचो, सुधीर इलेक्ट्रिक गिटार. आधी तो गिटार घरच्या रेडिओला जोडायचा. मग मंडपवाल्याचा कर्णा आला, पुढे बोटीवरच्या भावानं जपानहून अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. सामान बदलत गेलं, आवाज काही बदलेना. जाड, दबका, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारा. सुधीर वैतागायचा. लोकांना मात्र तोच आवडायचा.

पालीच्या कार्यक्रमाला मुंबईचा एक नावाजलेला गिटारवाला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट सुधीरच्या घरी हजर.

"अमेरिकन ब्लूज गाण्यांतला हा आवाज मी इतकी वर्षं शोधतोय. तारा कुठल्या लावता?"

त्यानं गिटार मांडीवर घेतली, तारेवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "हे काय लावलंय?"

सुधीरला पत्ताच नाही. खोबरेलाचा वास आमच्याकडे कोणाला वेगळा येतो? त्याची आई तिथेच तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोयत्याला तेल लावते ना, तेव्हा ह्याच्या तारांवरूनही फडका फिरवते. खाऱ्या वाऱ्यात लोखंड कोरडं ठेवतात होय?"

सुधीरनं कपाळाला हात लावला. पाहुण्यानं मात्र गंभीरपणे विचारलं, "मावशी, तेल कुठलं?"

"घाण्यावरचं. बाटली आणल्येस का?"