दुसरा माईक

"तुमचा माईक बोलते, मंग माहाच काऊन मुका?" देवळीच्या बसस्टँडवर धुरपताबाई नवऱ्यावर, प्रेमदासवर, उखडली.

"खराब निंगला तो. सोड."

"दुकानात तर चांगला चालला! उद्या रोहण्याले भाचीच्या हळदीत मले गाणं म्हणाचं हाये."

"मी म्हणतो ना."

"दर लग्नात तुम्हीच म्हणता!"

तिनं कराओकेचा डब्बा बाकड्यावर ठेवून चालू केला अन् एकेक बटन चाचपलं. दुसऱ्या माईकच्या आवाजाचं बटन पार शून्यावर होतं. तिनं ते पुरं फिरोलं.

"हे कोणं खाली केलं हो?"

अख्खा बसस्टँड दणाणला. चहा पिणारे थांबले.

"बोला न आता!" माईक गरजला.

प्रेमदासनं पिशवी उचलली. "गाडी लागली."

"ते वर्ध्याची हाये, आपली नाही!"

"असू दे. मले आता जा लागते."