मामीचा काउच

भाची: हातातली सुई खाली ठेव आधी, मामा. आता म्हण. आय स्लेप्ट ऑन द काउच.

मामा: आय स्लेप्ट ऑन द काउच. झालं? आता अर्थ सांग.

भाची: मी काउचवर झोपलो.

मामा: एवढं मलाही कळतं गं! जन्म गेला माझा सोफे बनवण्यात. जुनी गिऱ्हाइकं अजून कोचच म्हणतात त्याला. वस्तू माहितीय. मला त्यातलं ते 'झोपलो' विचारायचंय.

भाची: त्यात काय विचारायचंय?

मामा: तिकडे परदेशात माणूस असं म्हणतो, तेव्हा काय समजायचं?

भाची: बरंच काही. टीव्ही बघता बघता डोळा लागला, तरी म्हणतात. नवराबायकोचं वाजलं, की नवरा काउचवर. पाहुण्याला पलंग दिला, की घरचं माणूस काउचवर.

मामा: पाहुण्याला पलंग.

भाची: हो.

मामा: आणि बाई काउचवर.

भाची: मामा, तुझ्या डोक्यात काय शिजतंय?

मामा: तुझी मामी! परवाच्या निरोपात म्हणाली, 'ड्यूटीवरून आले आणि काउचवरच झोपले.' त्याच्या आधीच्या निरोपातही तेच. हॉस्पिटलनं खोलीत चांगला पलंग दिलाय तिला. मग तो कोणासाठी ठेवलाय?

भाची: शी! ती बिचारी नर्स, रात्रभर पेशंटची सेवा करून येते, आणि तू इथे बसून हे असलं...

मामा: मी कुठे काय म्हटलं? शब्दाचा वापर विचारतोय.

भाची: म्हणे वापर! सरळ सरळ जळतोयस.

मामा: जळतोय, मग? बायको फोनमधून येते आणि फोनमधूनच जाते. वर्षावर वर्षं चाललीत. माणूस जळणारच.

भाची: मग जा ना तिच्याकडे. किती वेळा बोलावलं तिनं?

मामा: जाऊन काय करू? इंग्रजीच्या नावानं आनंदीआनंद! ती कामावर, आणि मी आपला दिवसभर मुक्यासारखा खिडकीत. आधीच दमून येते ती, त्यात माझं लोढणं कशाला तिच्या गळ्यात?

भाची: तिला लोढणं हवं असेल तर?

मामा: तेच तर कळत नाही ना! खरंच हवाय मी तिला, की आपली रीत म्हणून विचारते? स्पष्ट विचारलं, तर म्हणते, 'तुमचं तुम्ही ठरवा.'

भाची: पण आज काहीतरी सांगावंच लागेल. नवरा येणार की नाही, हे आज कळवायचंय तिला हॉस्पिटलला. नाही म्हणालास तर तिची ती नवराबायकोसाठीची खोली दुसऱ्या कोणाला तरी देतील. मग बस पुढची वर्षं, ती तिथे आणि तू इथे.

मामा: माहितीय. हा एवढा सोफा शिवायला घेतला, तर दोनदा उसवला.

भाची: खोलीचा फोटो पाठवला होता ना तिनं? दाखव बघू.

मामा: हा घे.

भाची: अय्या, छान आहे की काउच! राखाडी.

मामा: जरा मोठा कर गं. अजून. खाली घे... थांब!

भाची: काय झालं?

मामा: ही उजवीकडची गादी बघ. फोम पार बसलाय. कडेची शिवण ताणलीय, कापड झिजून चकाकायला लागलंय. आणि ही डावीकडची? कोरी. काल दुकानातून आणल्यासारखी.

भाची: म्हणजे?

मामा: म्हणजे इथे एकच माणूस असतं. एका टोकाला, पाय पोटाशी घेऊन. दुसऱ्या बाजूला कोणी टेकलेलंसुद्धा नाही. आमचा धंदाच आहे तो, बाई. गादी उसवायच्या आधी कळतं, घरात कोण कुठे बसतं ते.

भाची: आणि मागे पलंग दिसतोय. चादर किती नीट आहे!

मामा: नीट कसली, पाकिटातल्या घड्या तशाच आहेत. अंथरली आणि सोडून दिली. कोणी अंग टाकलेलं नाही त्यावर.

भाची: डबल बेड आहे, मामा.

मामा: हं.

भाची: एकटीला नसेल येत झोप त्यावर.

मामा: वेडी कुठली! पाठीचं दुखणं आहे तिला. रोज त्या खड्ड्यात झोपली तर कंबर कामातून जाईल. एका शब्दानं सांगायचं नाही का मला?

भाची: सांगतेय की ती. प्रत्येक निरोपात सांगतेय.

मामा: आणि मी पाहुणा शोधत बसलो.

भाची: आणि तू रे? आई म्हणत होती, हल्ली तू घरी झोपायलाच जात नाहीस.

मामा: काम असतं. दुकानातच पडतो.

भाची: कशावर?

मामा: जे तयार असेल त्यावर.

भाची: गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर?

मामा: हळू बोल! वरचं प्लॅस्टिक काढत नाही मी. रात्रभर अंगाखाली करकरत असतं.

भाची: घरी पलंग असताना?

मामा: त्यावर तिची बाजू रिकामी दिसते गं. नाही बघवत. खरंच सांगतो, नाही बघवत मला.

भाची: मामा, रडतोयस?

मामा: डोळ्यात कापूस गेला.

भाची: फोमच्या सोफ्यातून कापूस?

मामा: गप्प बस, मास्तरीण.

(फोन वाजतो.)

मामी: हॅलो, जेवलात का?

मामा: जेवेन. तू आत्ता आलीस?

मामी: आत्ताच. अजून बूटही काढले नाहीत. बरं ऐका, खाली ऑफिसात जाऊन सांगायचंय मला. नाही म्हणायचं असलं तरी म्हणा, मी काही रागावणार नाही. तुमचं तुम्ही...

मामा: तू पलंगावर का झोपत नाहीस?

मामी: हे काय मध्येच?

मामा: सांग की.

मामी: सवय नाही.

मामा: पलंगाची?

मामी: एकटीची.

मामा: इतकी वर्षं झाली, तरी?

मामी: तरी.

मामा: मी येतो.

मामी: काय म्हणालात?

मामा: नीट ऐक. मी येतो म्हणालो. भाषा येत नाही, तुलाच सगळीकडे माझ्यासाठी बोलावं लागेल. कंटाळशील. आत्ताच सांग काय ते.

मामी: मग बोलत काय बसलात? निघा ना.