चाळीस मिनिटं

फुफ्फुसांच्या आजारानं गेलेल्या आईचे शेवटचे रिपोर्ट घ्यायला ती हॉस्पिटलच्या लॅबच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. तिच्या मागे, विद्यापीठात नवं औषध शोधणाऱ्या दोघी बोलत होत्या.

“मॅडम, आपलं पेप्टाइड रक्तात चार मिनिटांत तुटायचं. काल चाळीस मिनिटं टिकलं!”

“निरोगी रक्तात. फुफ्फुसाच्या पेशंटच्या रक्तात टिकेल तेव्हा खरं.”

“अकरा वर्षं अमिनो आम्लांचा एकेक मणी बदलून पेप्टाइडची तीच माळ ओवताय. कंटाळा नाही आला?”

“आला की! सासूबाई म्हणतात, तेवढ्यात माझी चार नातवंडं शाळेत गेली.”

“मग?”

“मग काय, पुन्हा ओवायची. आता ही रांग सरकू दे बाई. पेशंटच्या रक्ताचा नमुना इथून अर्ध्या तासात विद्यापीठात नेला नाही, तर आजचा दिवस फुकट.”

त्यांच्या पुढे उभी असलेली ती बाजूला झाली.

“तुम्ही व्हा पुढे.”

“अहो, तुम्हाला घाई नाही?”

“आता नाही.”