सोमवारची परात

क्रमानं सांगते, पावणं, म्हणजे तुम्हाला लिहायला सोपं जाईल, मधनं काही सुटलं तर विचारा. माझं नाव सुलाबाई. माहेर आजऱ्याच्या वरच्या अंगाला, घरामागच्या परड्यात काजूची झाडं, त्यामुळं बी फोडायला मला कुणी शिकवलं न्हाय, चिकानं हात काळे करून घेतले आणि शिकले. लग्न होऊन आजऱ्यात आले आणि आण्णांच्या काजू कारखान्यात लागले. आण्णा म्हणजे आमचे मालक. कारखाना म्हणायचा, पण होतं पत्र्याचं शेडच. बी वाफवायची, हातमशीनवर फोडायची, गर सुकवायचा, सोलायचा. आधी मी फोडायला होते, मग आण्णांनी मला मुकादम केलं, कारण मला यादी केल्याशिवाय चैनच पडत न्हाय. बाजाराची यादी, पावण्यांची यादी, जावेच्या बाळंतपणाची सुद्धा यादी. बायका चिडवायच्या, सुलाबाई वर गेली की यमालाच यादी देणार, आधी कुणाला आणायचं त्याची.

ह्या धंद्यात गर अख्खा निघाला तर मान, तुटला की तुकडा, आणि वाफ जास्त झाली की काळपट. आधी बी गावचीच असायची, हाताला सवय होती. मग ती पुरेना, बाहेर देशातनं पोती यायला लागली, एका पोत्याचं टरफल जाड, दुसऱ्याचं पातळ, त्यात आमच्याकडचा पाऊस. काल जे बरोबर होतं ते आज चुकायचं. आणि तुकडा झाला की बोलणी बसतात, म्हणून बायका काय करायच्या, तुटका गर टरफलांत लोटायच्या, टरफलं जायची भट्टीत, संपलं. कशानं तुटतंय ते कुणालाच कळंना. मीच आण्णांना म्हणाले, दर सोमवारी चहाच्या आधी मधोमध परात ठेवूया, जिचं जे बिघडलं ते तिनं त्यात टाकायचं आणि कशानं बिघडलं ते सांगायचं, नाव लिहायचं न्हाय, रागवायचं न्हाय. आण्णा म्हणाले, व्हय, दिला शब्द, परातीतलं परातीतच राहील.

पहिल्या सोमवारी कोण बोलतंय? सगळ्या पदर चावत बसल्या. शेवटी रुक्माक्का उठली. माझ्या शेजारच्या मशीनवर सगळी वर्षं तीच होती, माझी जिवाभावाची. तिनं ओंजळभर तुकडा टाकला आणि म्हणाली, ही माझी, घरात भांडून आलते, मशीनचा दांडा नवऱ्याचं डोसकं समजून हाणला. शेड हसलं की हो सगळं. मग एकेक बोलायला लागली. त्यातनंच कळलं, जाड टरफलाची पोती वेगळी वाफवायला पाहिजेत, पावसात गर जास्त सुकवायला पाहिजे. आण्णा पण कधीमधी पोत्यावर बसायचे आमच्यात. एकदा त्यांनीच मूठभर टाकला, म्हणाले, ही ओली बी मी घेतली, बघून घ्यायला पाहिजे होती. रुक्माक्का म्हणाली, मग आण्णा, आज चहा तुम्ही ओतायचा. आणि ओतला हो त्यांनी, सगळ्यांना. असं शेड मी दुसरं बघितलं न्हाय.

मग आण्णांनी कागलकडचा एक कारखाना बघून आपोआप फोडणारं मशीन आणलं. आता एवढ्या बायका कशाला? ते मी समजू शकते, पावणं. नव्या आधी कमी केल्या असत्या, चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तरी आम्ही रडून गप्प बसलो असतो. पण काय सांगू तुम्हाला, त्यांनी एकेकीला आत बोलवलं, आणि पहिली रुक्माक्का. तिला म्हणाले, तूच म्हणाली होतीस न्हवं, डाव्या डोळ्याला अंधुक दिसतंय म्हणून गर तुटतोय. म्हणाली होती ती, परातीजवळ म्हणाली होती, आणि तिच्या त्या बोलण्यावरनं आम्ही सगळ्यांच्या मशीनवर दिवे खाली घेतले होते, सगळ्यांचाच तुकडा कमी झाला होता. दुसरीला म्हणाले, तुझा हात थरथरतोय, तूच सांगितलंस. ज्या बोलल्या त्या गेल्या. ज्या टरफलांत लोटत होत्या त्या राहिल्या.

मी तशीच आत गेले. म्हटलं, आण्णा, शब्द दिला होता. ते शांतपणे म्हणाले, सुला, मी कुणाला रागावलो का?

बाहेर आले तर बायका माझ्याकडं बघत होत्या. सगळ्याची यादी करणारी बाई, हिनंच नावं दिली असणार, असं त्यांच्या मनात. मी परातीची यादी कधी केली न्हाय, तेवढी एकच केली न्हाय. पण हे कुणाला पटवू?

आजही सोमवारी मी परात ठेवते. बायका बसतात, म्हणतात, आमचं काय बिघडलं न्हाय. भट्टी मात्र तुकडा खातेय. नवी पोती आली की मशीन पण गर तोडतंय, बघणाऱ्या बघतात, बोलत न्हाईत. परवा आण्णा म्हणाले, सुला, आधी सगळं कळायचं, आता का कळंना? मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते चहा न घेता आत गेले.

रुक्माक्का बाजारात भाजी घेऊन बसते. पहिले काही आठवडे मी लांबनंच जायचे. मग एकदा समोर बसले आणि म्हटलं, आक्का, मी न्हाय गं दिली नावं. ती मेथीच्या पेंढ्यांवर पाणी मारत होती. म्हणाली, ठाऊक हाय मला. पण आम्हाला बोलायला तूच लावलंस न्हवं?

मी पिशवी पुढं केली. तिनं पिशवीत मेथी घातली, वर मूठभर मिरच्या टाकल्या, जशी पहिल्यापासून टाकायची तशी. तिचं भलं होऊ दे, तिचा डोळा देव सांभाळो. मी सोमवारी परात पुसते आणि रिकामीच परत फळीवर ठेवते.